१६८ तास

बाबा गेल्यापासून त्यांचा फोन कपाटातच पडून होता. मागच्या महिन्यात आईचा फोन बादलीत पडला तेव्हा त्याची आठवण झाली. चार्ज केला, आणि चालू झाला की! पण कंपनीने अपडेट देणं केव्हाच बंद केलेलं. म्हटलं, आपणच त्यात लिनिएजओएस टाकू. (सायनोजेनमॉडचा वारस. ते २०१६च्या डिसेंबरात बंद पडलं.)

त्यासाठी आधी बूटलोडर उघडायला हवा. हा फोन सुरू होताना सिस्टिमच्या आधी जागा होणारा प्रोग्रॅम, वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा. कंपनीची सही नसलेल्या सिस्टिमला आत सोडत नाही. २०१०च्या नेक्सस वनमध्ये तो एका आज्ञेवर बाजूला व्हायचा. इथे मात्र बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, छुपा मेनू उघडा, कंपनीकडे खातं काढा, ते फोनला जोडा... आणि एवढं करून उत्तर काय, तर १६८ तासांनी या. सात दिवस! फोन आपल्या पैशांचा, आणि किल्लीसाठी अर्ज करायचा. जाम चिडलो.

कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. ही मात्र कंपनीची खोडी नव्हे. चोराने बूटलोडर उघडला तरी आपलं काही त्याच्या हाती लागू नये म्हणून तसं असतं. फोटो मी पहिल्याच दिवशी उतरवून घेतले होते. परवानगी लगेच मिळाली असती तर त्याच रात्री सगळं पुसून मोकळा झालो असतो.

चौथ्या दिवशी आई सहज म्हणाली, "ह्यांच्या याद्या आहेत का रे त्यात?"

कसल्या याद्या? तर चष्मा सापडला नाही की बाबा सामानाची यादी फोनला सांगून ठेवायचे म्हणे. रेकॉर्डरचा फोल्डर मी उघडलाच नव्हता. ३१ फायली निघाल्या.

"पोहे अर्धा किलो. जाडे. मागच्या वेळी पातळ आणले म्हणून बोलणी खाल्ली." मागे कुकरची शिट्टी.

"त्या वेळीसुद्धा पातळच आणले होते," आई म्हणाली, आणि पुन्हा लाव म्हणाली.

आठव्या दिवशी कुलूप उघडलं. नव्या सिस्टिमवर सगळ्यात आधी त्या फायली टाकल्या. आईच्या बँकेचं अ‍ॅप मात्र आता त्यावर चालायला तयार नाही. दुसरा फोन घेऊया म्हटलं, तर म्हणते, राहू दे, मी बँकेत जाऊन येईन.