गंगाधरपंतांचे दुसरे पानिपत

विज्ञानकथेच्या उपप्रकारांची यादी करणे सोपे असते. अंतराळसफर, कालप्रवास, परग्रहवासी, यंत्रमानव अशी ती लांबत जाते. मात्र ही नावे बहुधा कथेतील सामग्रीवरून पडलेली असतात, तिच्या प्रकृतीवरून नव्हेत. एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ (१८९५) कालप्रवासाच्या खणात पडते आणि तिच्यातील वर्गभेदाची भीषण परिणती खणाबाहेर राहते.

मराठीत या साहित्यप्रकारावर विज्ञानप्रसाराचे जूही दीर्घकाळ राहिले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णु नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरे उलटी करून घेतलेले. अशा स्पर्धांनी लेखक मिळवून दिले, हे खरेच. पण कथेतून काहीतरी शिकायला मिळालेच पाहिजे, ही वाचकाची अपेक्षाही त्यांनीच दृढ केली.

नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या अपेक्षेत मावत नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जातात, की जेथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे आणि मुंबईत अद्याप ईस्ट इंडिया कंपनी नांदते आहे. ग्रंथालयात ते इतिहासाचे खंड मागवतात, तेही स्वतःच लिहिलेले! दोन जगे फुटतात ती एका गोळीपाशी. आपल्या इतिहासात ती विश्वासरावांना लागली. तेथे ती कानाजवळून निघून गेली. पुरावा उरतो तो बखरीच्या एका फाटक्या पानाचा.

पुढे पुंजसिद्धान्ताचा आधार येतो. तो नसता तर कथा विज्ञानकथा ठरली नसती काय? फिलिप के. डिक यांच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (१९६२) या कादंबरीत दुसरे महायुद्ध जर्मनी व जपान यांनी जिंकलेले आहे. तिला असे स्पष्टीकरण लागले नाही, तरी १९६३ चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. पर्यायी इतिहासाच्या कथेत विज्ञान येते ते कार्यकारणाच्या शिस्तीतून: एक घटना बदलावी आणि तिचे परिणाम निष्ठुरपणे मोजीत जावे. या दृष्टीने पाहता नारळीकरांच्या कथेतील शेवटचा खुलासा काहीसा अधिकचाच वाटतो.

तिचे खरे बळ शीर्षकात आहे. ‘पानिपत होणे’ म्हणजे धूळधाण होणे. विजयी मराठ्यांच्या त्या जगात हा वाक्प्रचार जन्मालाच आला नसता. तरीही आझाद मैदानावरील सभेत रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून गंगाधरपंत व्यासपीठावर चढतात आणि सभाध्यक्षांना विटलेला श्रोतृवर्ग त्यांचे जे करतो, त्याला मराठीत दुसरा शब्द नाही. अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून ही कथा देशभर पोहोचली ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने. लढाई तेथेही आहे; शीर्षकातले पानिपत मात्र गेले.