जे पीत नाहीत त्यांच्यासाठी

वाइनच्या सहलीची यादी हातात आली की मी आधी पाहते, कोण पिणार नाही ते. ठाण्या-डोंबिवलीहून नाशिकला निघणाऱ्या चाळीस जणांच्या बसमध्ये अशी मंडळी बरीच असतात. कुणाची औषधं चालू असतात, कुणाला चव आवडत नाही, कुणी आयुष्यात घेतलेली नसते आणि घ्यायचीही नसते. “तुम्ही सगळे पिणार, आम्ही काय करायचं गं तिथे?” असं एखाद्या मावशींनी विचारलं, तर “फोटो काढा” हे उत्तर मला त्यांचा अपमान वाटतो. त्यांचा दिवस सत्कारणी लागेल अशी आखणी केली की पिणाऱ्यांचाही दिवस चांगला जातो. नुसतं पिणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवलं की निम्मी बस दुपारी कंटाळून सावली शोधत बसते.

म्हणून माझी सहल द्राक्षाच्या मागे जाते, आणि द्राक्षाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. युरोपातल्या वेली थंडीत झोपतात. नाशिकच्या हवेत त्यांना तशी झोप मिळत नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो: एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच येतं, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीचे डोंगर पाहून जीव हरखतो, पण बागेत नुसती पानं असतात. पावसाळ्यात सहल काढा म्हणून आग्रह होतो. मी फेब्रुवारीवर अडून बसते. 26 जानेवारीला जोडून सुटी आली की बुकिंगसाठी फोन खणखणतात, पण त्या दिवशी ड्राय डे असतो आणि चव घेणं बंद. निवडणुकीचं मतदान कधी आहे, तेही पाहून ठेवावं लागतं.

दुसरा हट्ट मुक्कामाचा. काढणी पहाटे, ऊन चढायच्या आत होते, कारण घड गार असतानाच आत गेला तर रसाचा ताजेपणा टिकतो. सकाळी मुंबईहून निघालेल्या बसला हे कधीच दिसायचं नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला रात्र काढून, आधी परवानगी घेऊन, उजाडताना बागेत उभं राहिलं की सहलीचा रंगच पालटतो. शिराझचा एक मणी दाबून दाखवला की साल काळीजांभळी आणि रस जवळजवळ बिनरंगी! रेड वाइनला रंग सालीतून येतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात. व्हाइटचा रस आधीच सालीपासून वेगळा काढतात. मग ती साल आणि बी सावकाश चावायला सांगायचं. जिभेवर जो तुरटपणा पसरतो, तोच पुढे रेड वाइनच्या पेल्यात असतो. थेंबही न घेता मावशींना ती चव कळलेली असते, आणि दुपारी टेबलावर पिणाऱ्यांना समजावून सांगायला त्याच पुढे असतात. हे द्राक्ष बाजारातल्या थॉमसनपेक्षा बारीक, जाड सालीचं, बियांचं आणि गोडीलाही चढं, हे हातात घेतल्यावर सांगावंही लागत नाही.

दिवसाला दोनच वायनरी. लोक चार मागतात, कारण नकाशावर सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ दिसतात. पण चाळीस माणसं बसमधून उतरून, स्वच्छतागृहात जाऊन पुन्हा जमेपर्यंत अर्धा तास जातो. आणि जीभ थकते. एकेका चवीला साधारण तीस मिलीलीटर धरलं तर पाच चवींचा एक भरलेला पेला होतो. तिसऱ्या ठिकाणी गेल्यावर शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांतला फरक कुणालाच सांगता येत नाही. मग एवढ्या लांब का आलो? मधे भरपूर पाणी, पोटात काहीतरी, आणि त्या सकाळी अत्तर-परफ्यूम नको, एवढं मी आदल्या रात्रीच सांगते.

मिसळीवरून मात्र दरवेळी भांडण होतं. नाशिकला येऊन सकाळी मिसळ नाही म्हणजे काय, हा रोष मला मान्य आहे. मलाही ती प्रिय आहे. पण तर्रीने भाजलेल्या जिभेला वाइनमधलं काहीच कळत नाही. म्हणून सकाळी पोहे किंवा उपमा, आणि मिसळ दुसऱ्या दिवशी, शेवटची चव घेऊन झाल्यावर. तेव्हा पिणारे-न पिणारे एकाच बाकावर पाव मागवत बसतात.

बसची पाहणी मी स्वतः जाऊन करते. बागांकडे जाणारे रस्ते अरुंद, वर विजेच्या तारा लोंबतात, आणि मोठी बस वळवायला जागा मिळेलच असं नाही. जिथे शंका वाटते तिथे शेवटच्या टप्प्याला दोन-तीन टेम्पो ट्रॅव्हलर ठरवते. ड्रायव्हरदादांचं जेवण आमच्याबरोबरच, आणि झोपायला त्यांना स्वतंत्र खोली. यावर मी पैसे वाचवत नाही. विकत घेतलेल्या बाटल्या डिकीत ठेवू देत नाही. फेब्रुवारीतही दुपारी डिकी तापते आणि वाइन त्यात बिघडते. त्या वर, पायांशी, एसीत. परतीची वेळ तीनच्या पुढे ढकलायची नाही, कारण कसारा घाट उजेडात उतरलेला बरा.