गहुंजेचं तिकीट

१० एप्रिल २०१८. दोन वर्षांची बंदी संपवून चेन्नई सुपर किंग्ज चेपॉकवर परतली आणि त्याच सामन्यात कावेरीच्या पाण्यासाठी मैदानात बूट फेकले गेले. पाठोपाठ बातमी आली, उरलेले घरचे सामने पुण्याला. मी मूळचा पुण्याचा, तंजावरला बँकेत पीककर्जाच्या टेबलावर. आंदोलकांवर चिडलो, पण मनातून हरखलो. माझा संघ माझ्या गावी! रजा टाकून गेलो आणि गहुंजेच्या मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडलो.

परतल्यावर शाखेत आलेल्या एका शेतकऱ्याला मी म्हणालो, "सामना बंद पाडून धरणात पाणी येतं का?" तो काही बोलला नाही. सातबाऱ्यासारखा त्यांच्याकडचा उतारा त्याने पुढे सरकवला, एवढंच.

माझं ते वाक्य आठवलं की आजही अंगावर काटा येतो. कारण त्याचं उत्तर माझ्याच टेबलावर होतं. कावेरीवरचं मेट्टूर धरण रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडायचं, तेव्हा कुठे कुरुवै भाताची लावणी होते. कित्येक वर्षं ते वेळेवर उघडलं नव्हतं. थकलेल्या कर्जांचं नवं-जुनं मीच करत होतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत कर्नाटकने तमिळनाडूला सोडायचं पाणी १७७.२५ टीएमसी ठरवलं, ते वाटप राबवायच्या योजनेसाठी केंद्राला सहा आठवडे दिले. मुदत उलटली, योजना आली नाही. हे सगळं मी वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं.

२८ मे, सोमवार. आदल्या रात्री वानखेडेवर आपण अंतिम सामना जिंकलो होतो. जागरणाचे डोळे घेऊन मी ओरत्तनाडूकडे स्थळपाहणीला गेलो. घर त्याच शेतकऱ्याचं. ओट्यावरच्या भिंतीला धोनीचं पिवळं चित्र. आत टीव्हीवर धुतलेली वेष्टी पसरून टाकलेली. पाणी देता देता त्याने हळूच विचारलं, "सार, काल जिंकलो का?"

"तुम्ही पाहिला नाही?"

"एप्रिलपासून टीव्ही लावला नाही. पाण्यासाठी रस्त्यावर बसायचं आणि घरी येऊन टाळ्या वाजवायच्या, मला नाही जमलं."

मी त्याला सामना सांगू लागलो. वॉटसनच्या नाबाद ११७ धावा, ते षटकार. तो मन लावून ऐकत होता, मध्येच "आणि मग?" विचारत होता. माझा मात्र आवाज अडकायला लागला. माझ्यापेक्षा मोठा चाहता समोर बसला होता आणि मी त्याला पाण्याबद्दल शिकवायला निघालो होतो. मग आम्ही शेतावर गेलो. कल्लणै धरणाच्या कालव्याच्या अगदी टेलला. त्याने एक ढेकूळ उचलून माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी दाबूनही ते फुटेना.

मी क्रिकेट सोडायची शपथबिपथ घेतली नाही. पुढच्या वर्षी सवयीने सामना लावला, तीन-चार षटकांत बंद केला. सकाळी उठून मेट्टूरची पातळी बघायची सवय मात्र लागली. १२० फुटांना धरण भरतं, आज किती?

२०२० साली १२ जूनला धरण उघडलं, आठ वर्षांनी वेळेवर. पुढे एका सकाळी त्या शेतकऱ्याचा फोन आला. टेलला पाणी पोचलं होतं. बोलता बोलता त्याने विचारलं, "सार, कोरोनात यंदा सामने कधी?"

मला माहीत नव्हतं.