रंग खरा हवा

सांगलीच्या गणपती पेठेतील त्या जुन्या कापड दुकानात एक रीत दोन पिढ्या पाळली जात होती. गिऱ्हाइकाने लुगडे पसंत केले, की दुकानदार ते उचलून पायरीवर नेई आणि म्हणे, "आता उजेडात बघा, मग ठरवा." आतल्या दिव्याखाली डाळिंबी दिसलेले लुगडे पायरीवर आमसुलीकडे झुकलेले निघे, अंजिरी वाटलेले वांगी ठरे. काही गिऱ्हाइके तिथेच मन बदलून रिकाम्या हाताने परत जात. तरीही अण्णांनी पन्नास वर्षांत ती रीत मोडली नाही. वडिलांनी ती घालून दिली होती, आणि दुकानाचे नाव तिच्यामुळेच टिकले अशी त्यांची धारणा होती.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पायरीवर येणारे पाऊलच थांबले. दुकानाची फळी बंद, माल आत पडून. तेव्हा सुनेने आपल्या मोबाइलवर लुगड्यांची छायाचित्रे काढून ओळखीच्या बायकांना पाठवायला सुरुवात केली. पुण्याच्या, मुंबईच्या, बेळगावच्या जुन्या गिऱ्हाइकांनी ती आपल्या नात्यागोत्यात पुढे पाठवली. पेठ पुन्हा उघडली, तरी ही घरबसल्या होणारी विक्री थांबली नाही. अण्णांना तिचे कौतुक होते. फक्त एक गोष्ट त्यांना टोचत असे. पायरीवरची ती तपासणी आता कोणी करत नव्हते.

आणि एके दिवशी पुण्याहून एक पुडके परत आले. आत मोरपिशी रंगाचे सुती इरकल होते. सोबत निरोप होता. मुलीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी हवी म्हणून ती मागवली होती. फोटोत ती हिरवी दिसली. प्रत्यक्षात निळी निघाली. कार्यक्रम चार दिवसांवर असल्याने दुसरी मागवायला वेळ उरला नाही. "साडी चांगली आहे, तक्रार नाही. तुम्हाला कळावे म्हणून लिहिले," एवढाच मजकूर. पैशांचा उल्लेखही नव्हता. या बाईंच्या लग्नाचा शालू त्यांच्या आईने याच दुकानातून नेला होता.

अण्णांनी त्याच दिवशी पैसे परत पाठवायला लावले. पण रात्री त्यांना झोप लागली नाही. "रागावून बोलली असती तर बरं झालं असतं," ते अक्कांना म्हणाले. "आपण तिला खोटा रंग दाखवला. जाणून दाखवला नाही, हे खरं. पण तिच्या लेकीचं डोहाळजेवण काही पुन्हा होणार नाही."

सुनेचा फोन जुना झाला होता. भिंगावर चरे पडले होते, बॅटरी दुपारपर्यंतही पुरत नव्हती. नवा फोन घ्यायचा हे ठरले. कोणता घ्यायचा, यावर मात्र घरात आठवडाभर चर्चा चालली.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने पहिल्याच दिवशी एकशे आठ मेगापिक्सेलचा फोन सुचवला. अण्णांनी विचारले, "म्हणजे काय?" मग नातवाला समजावून सांगणे भाग पडले आणि सांगता सांगता त्याचे त्यालाच काही उमगत गेले. मेगापिक्सेल म्हणजे चित्रातील बिंदूंची संख्या. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. 1999 मध्ये जपानमध्ये कॅमेरा असलेला फोन विक्रीस आला, तेव्हा त्यात एक लाख दहा हजार बिंदू होते. 2012 मध्ये नोकियाने 41 मेगापिक्सेलचा फोन आणला. आता एकशे आठही नवलाचे राहिले नाहीत. परंतु इतके बिंदू नखाएवढ्या पट्टीवर बसवायचे, तर प्रत्येक बिंदू बारीक होतो आणि त्याच्या वाट्याला प्रकाश थोडा येतो. म्हणून असा फोन नेहमीच्या वापरात नऊ बिंदूंचा एक बिंदू करतो आणि बारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो. अठ्ठेचाळीसवाला चारांचा एक करतो आणि तोही बारावरच येऊन थांबतो.

"मग दोघे सारखेच की," अण्णा म्हणाले.

"तसं नाही, अण्णा. ती पट्टी, म्हणजे सेन्सर, किती मोठी आहे ते बघायचं. तिचं माप एक भागिले अमुक असं लिहिलेलं असतं. खालचा आकडा जितका लहान, तितकी पट्टी मोठी. मोठी पट्टी जास्त उजेड घेते."

अण्णांनी आयुष्यभर अपूर्णांकांत गजाचा हिशेब केला होता. त्यांना हे चटकन पटले. त्यांनी दुकानाची जुनी वही काढली आणि फोनने घरासाठी काय काय करायचे ते एकाखाली एक लिहिले. लुगड्याचा रंग आणि काठ दाखवायचा. विणीचा जवळून फोटो यायला हवा. अक्कांच्या औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे मोठी करून वाचता यायला हवीत. दुबईच्या लेकीशी समोरासमोर बोलताना आवाज स्वच्छ ऐकू यायला हवा. दुकानाची देणीघेणी फोनवरच होतात, म्हणून सुरक्षेची सुधारणा कंपनी किती वर्षे पाठवणार ते विचारायचे. रोज पन्नास-साठ फोटो निघतात, म्हणून साठवण 128 जीबीपेक्षा कमी नको. दुरुस्तीचे केंद्र सांगलीतच हवे. सुनेने शेवटी एक ओळ घातली: सकाळी भरलेली बॅटरी रात्री दुकान बंद होईपर्यंत पुरली पाहिजे.

वही घेऊन चौघे फोनच्या दुकानात गेले. अण्णांच्या काखेत एक पिशवी होती. तिच्यात ते परत आलेले मोरपिशी इरकल होते.

विक्रेत्या मुलाने उत्साहाने एकामागून एक फोन पुढे मांडले. मागे चार कॅमेरे असलेल्या एका फोनवर त्याचा विशेष भर होता. नातवाने माहिती वाचली, तर त्यांतले दोन अवघे दोन-दोन मेगापिक्सेलचे निघाले. "हे दोन नसते तरी चाललं असतं," तो हळूच म्हणाला. मग अण्णांनी इरकल बाहेर काढले आणि विनंती केली, "याचा प्रत्येक फोनवर एक-एक फोटो काढू द्या. आधी इथे दिव्याखाली, मग दाराबाहेर." मुलगा क्षणभर गोंधळला, पण म्हातारबांच्या पांढऱ्या टोपीकडे पाहून त्याने होकार दिला.

पाच फोनांवर पाच फोटो निघाले आणि पाचांचे रंग पाच झाले. सर्वांत महाग फोनवरचा फोटो पाहून तर सूनही हरखली. काठ झळाळत होता, मोरपिशी रंग रत्नासारखा उजळला होता. अण्णांनी फोन हातात घेतला, लुगड्याचा पदर त्याच्याशेजारी धरला आणि मान हलवली. "फोटो सुरेख आहे. पण हे आपलं लुगडं नाही."

मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, की बहुतेकांना भडक रंग आवडतात, म्हणून फोन तसे रंग आपणहून चढवतो. काही फोनांत ती सवय सेटिंगमधून कमी करता येते. तेवढ्यात अक्का स्टुलावर टेकल्या होत्या, त्यांचाही कोणी एक फोटो काढला. पडद्यावर सुरकुत्या पुसल्या गेलेला, गोरागोमटा चेहरा उमटला. अक्कांनी चष्मा सरसावून पाहिले आणि विचारले, "ही कोण?"

सगळे हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. ती सोय बंद करून पुन्हा फोटो काढायला लावल्यावरच त्यांचे समाधान झाले. या फोटोत कपाळावरच्या रेषा होत्या, डाव्या भुवईजवळचा जुना व्रण होता. "ही आमची," ते म्हणाले.

शेवटी मधल्या किमतीचा एक फोन ठरला. त्याचा रंग कापडाच्या सर्वांत जवळ होता. हात थरथरला तरी भिंग आतल्या आत सावरून घेण्याची सोय त्यात होती. अण्णांच्या हातांसाठी ती महत्त्वाची होती. ती सोय हलत्या लेकराचा फोटो मात्र सावरत नाही, तिथे पुरेसा उजेडच लागतो, हेही नातवाने सांगून ठेवले. वहीतल्या सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण झाली. महागड्या फोनपेक्षा बरेच पैसे वाचले.

गोष्ट इथे संपली असती. पण घरी आल्यावर सुनेने इरकलाचा पुन्हा फोटो काढला आणि तिचा चेहरा उतरला. दुकानात काउंटरवर अंथरल्यावर ते नव्या फोनवरही हिरवेच दिसत होते. पलंगावर टाकले की निळे. एवढा शोध करून आणलेला फोनही चुकतो, असे तिला वाटले.

अण्णांनी लुगड्याचा पदर बोटांवर धरून तिरका केला. "पोरी, हे धूपछाव आहे. उभा धागा हिरवा आणि आडवा निळा. इकडून बघितलं तर एक रंग, तिकडून बघितलं तर दुसरा. पायरीवर बाई ते हातात घेऊन हलवते, म्हणून तिला दोन्ही दिसतात. तुझ्या फोटोत ते एकदाच थांबतं. चूक फोनची एकट्याची नाही. आपण एक फोटो पाठवला आणि सगळं दाखवलं असं समजलो."

त्या संध्याकाळी सासरा आणि सून मिळून कामाला लागले. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली फोटो काढायचा नाही, हा पहिला नियम ठरला. पांढरे काय असावे याचा अंदाज बांधून फोन बाकीचे रंग ठरवतो. चौकटभर एकाच रंगाचे कापड आले की त्याचा अंदाज फसतो. म्हणून कापडाच्या कडेला एक पांढरा कागद ठेवायचा आणि तो कागद फोटोत पांढरा दिसेपर्यंत रंगाची ऊब कमी-जास्त करायची. जागा पायरीचीच, सावलीतली, सकाळी दहाच्या सुमाराची. भर उन्हात रंग फिका पडतो. बारीक चौकड्यांच्या कापडावर कधी कधी पाण्यासारख्या लाटा उमटतात, त्या कापडात नसतात; फोन किंचित मागे-पुढे केला की जातात. आणि प्रत्येक फोटोआधी भिंग मऊ सुती कपड्याने पुसायचे. नातवाने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जाते.

तरीही एक अडचण उरलीच. पलीकडच्या बाईंच्या फोनचा पडदा कसा रंग दाखवील, यावर इथून कोणाचीच सत्ता नव्हती. मोरपिशीसारखे काही गडद निळे-हिरवे रंग तर पुष्कळ पडद्यांना पूर्ण दाखवताच येत नाहीत. अण्णांनी त्यावर जुनाच उपाय सांगितला. "मग तोंडाने सांगायचं. पायरीवर आपण नाही का बोलत?"

तेव्हापासून त्या दुकानातून प्रत्येक लुगड्याचे तीन फोटो जातात: एक समोरून, एक तिरका, एक विणीचा. खाली दोन ओळी असतात. "धूपछाव आहे. समोरून निळे, तिरके धरल्यास हिरवे. पूर्ण हिरवे हवे असल्यास हे घेऊ नये." शेवटचे वाक्य लिहिताना सुनेचे बोट प्रथम अडखळले होते. विकायला बसलेल्याने घेऊ नका असे कसे लिहायचे? अण्णांनी तिला एवढेच विचारले, की पायरीवरून रिकाम्या हाताने गेलेली गिऱ्हाइके पुन्हा आली नाहीत, असे तिने कधी पाहिले आहे का.

तीन महिन्यांनी पुण्याच्या त्या बाईंचा निरोप आला. नात झाली होती. बारशासाठी लेकीला साडी हवी होती. सुनेच्या छातीत धडधडले. तिने दहा वाजण्याची वाट पाहिली, पायरीवर पांढरा कागद मांडला, एका डाळिंबी इरकलाचे तीन फोटो काढले आणि खाली लिहिले, "काठ फोटोत दिसतो त्याहून गडद आहे."

दुपारी उत्तर आले. "मग हे नको. काठ फिका असलेले दुसरे दाखवा."

सुनेने ते जरा हिरमुसून वाचून दाखवले. गल्ल्यामागे बसलेल्या अण्णांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी उठून फळीवरून दुसरे लुगडे काढले आणि स्वतः ते पायरीवर घेऊन गेले.