भिंतीतली नाडी

कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर टीव्हीकडे नाही, टीव्हीच्या मागे जाते. चहा येईपर्यंत मान जरा तिरकी करून पाहून घेतो. बायकोला ही सवय अजिबात आवडत नाही. लोकांच्या घरात असं डोकावणं बरं दिसत नाही, हे ती परतताना रिक्षात सांगते. तिचं बरोबरच आहे. पण घरातली टापटीप किती खरी, ते तिथेच कळतं. पुढून चकचकीत टीव्ही युनिट, वर गणपती, बाजूला मनी प्लँट. आणि मागे एका एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात तीन अडॅप्टर, खिडकीच्या कोपऱ्यातून आत शिरलेली डिशची काळी केबल आणि या सगळ्यावर दोन दिवाळ्यांची धूळ.

मी पेशाने वायरमन नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये नोकरी झाली, त्यामुळे हातात हत्यार शोभतं एवढंच. वायरिंगचा नाद वडिलांकडून आला. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या. सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर, काळी गोल बटणं, वर पिवळा दिवा. वायर भिंतीवरून उघड जायची. कुठून आली नि कुठे गेली, हे शाळकरी पोरालाही बोटाने दाखवता यायचं. एशियाडच्या वर्षी, म्हणजे १९८२ साली, आमच्याकडे टीव्ही आला. देशात रंगीत प्रक्षेपण त्याच वर्षी सुरू झालं, पण आमचा सेट ब्लॅक अँड व्हाइट. अँटेना कौलांवर, तोंड सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे. वडील वर, मी खिडकीत, आई टीव्हीसमोर. आई म्हणायची, "आलं... गेलं... आता आलं, हलू नका!" मी ते ओरडून वर पोहोचवायचो. अँटेनापासून सेटपर्यंत ती चपटी, रिबिनीसारखी वायर. ती वडिलांनी कुठेही लोखंडाला टेकू दिली नव्हती. गजापासून लांब धरायला लाकडाचे छोटे ठोकळे स्वतः तासले होते. टेकली की चित्राला मुंग्या येतात, असं ते म्हणत.

पुढे कोथरूडला फ्लॅट घेतला आणि वायर भिंतीत गेली. कन्सील्ड वायरिंग म्हणजे तेव्हा मोठं कौतुक. भिंत कशी स्वच्छ! पण भिंतीत काय चाललंय हे सांगणारा कुणी उरला नाही. बिल्डरने हॉलमध्ये टीव्हीसाठी एक पॉइंट दिला होता, एक. शेजारी केबलवाल्यासाठी पाऊण इंची पाइप. त्या काळाच्या मानाने ते उदारच म्हणायचं. त्यानंतर त्या पाइपातून आमच्या घरात काय काय आलं नि गेलं: केबलवाल्याची कोअ‍ॅक्सियल, सीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या वायरी, डीव्हीडीची पिवळी, मग डिशची जाड आरजी-सिक्स, आणि शेवटी एचडीएमआय. ही शेवटची मात्र आली नाही, दारातच अडली. तिचा प्लग साच्यातल्या रबरासकट सहज वीस मिलिमीटर रुंद. पाऊण इंची पाइप सरळ असता तरी ती अडली असती, इथे तर वर दोन बेंड. प्लग कापून आत ओढावा तर एकोणीस पिनांचं डाखकाम घरच्या टेबलावर होण्यासारखं नाही. मी एकदा करून पाहिलं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

म्हणून मग भिंत फोडायची ठरली. या कामात जी धूळ उडते तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी ग्राइंडर चालला त्याला ठाऊक आहे, ज्याच्या घरी नाही त्याला पटणार नाही. दोन गोष्टी मात्र मी सोडत नाही. चर उभाच मारायचा, पॉइंटच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली. अंतर वाचतं म्हणून तिरपा मारायचा नाही, कारण पुढे कुणी फोटो लावायला ड्रिल घेऊन उभा राहिला तर बोर्ड पाहून त्याला अंदाज करता आला पाहिजे. आणि कॉलम-बीमला हात लावायचा नाही. आमची टीव्हीची भिंत सहा इंची विटांची, म्हणून टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत तीन फूट लांब, दोन इंची पीव्हीसी पाइप बसवला. चार इंची असती तर फळी मारून तिच्या मागून नेला असता. प्लास्टर करण्याआधी भिंतीला मोजपट्टी चिकटवून फोटो काढून ठेवला. आजवर तो फोटो तीन वेळा उपयोगी पडलाय, त्यातले दोन वेळा सुताराला.

आता करंटाचं. या बाबतीत मी पूर्वी जितका धीट होतो तितका आता नाही. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यापलीकडे घरातलं वायरिंगचं काम परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करावं, असा आपल्याकडे नियम आहे. बहुतेकांना तो माहीत नसतो आणि मला माहीत असूनही मी तो मोडला. टीव्हीच्या भिंतीवर नवा बोर्ड हवा होता. तसा लोड काही फार नाही. पंचावन्न इंची टीव्ही शंभर-दीडशे वॅट, सेट-टॉप बॉक्स, राउटर, अँप्लिफायर, सगळं मिळून सहा अँपिअरच्या एका सर्किटला जड जात नाही. कमी पडतात ते सॉकेट. सहा-सात तरी लागतात, म्हणून लोक एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन लावत बसतात. मी मोठा बोर्ड आणला, अडीच एमएमची वायर आणली. फेज पॉवरच्या लाइनवरून घेतला. अर्थिंगची हिरवी आली. न्यूट्रलची काळी मात्र पाइपातून येईना. त्या पाइपात आधीच्या इतक्या वायरी कोंबलेल्या की वायर ओढायची स्प्रिंग घातली तरी मध्येच वेटोळं करून परत यायची. दीड फुटावर पंख्याचा बोर्ड होता. तिथे न्यूट्रल आयताच होता. म्हटलं, शेजारून वाटीभर साखर आणतो तसा हा आणू. न्यूट्रल तो न्यूट्रल.

टीव्ही लावला. लाल दिवा लागला. रिमोट दाबला, चित्र आलं न आलं तोच घरातली अर्धी लाइट गेली. डिस्ट्रिब्यूशन बोर्डात आरसीसीबी पडलेला. वर केला, टीव्हीचा लाल दिवा लागला, चित्र आलं, पुन्हा ठप्प. आमच्याकडे दोन आरसीसीबी आहेत, एक दिवे-पंख्यांसाठी, एक पॉवर पॉइंटसाठी. कधी हा पडायचा, कधी तो. मी टीव्हीला दोष दिला. मग पावसाळ्याला दिला, भिंतीत ओल असणार. दोन दिवस बोर्ड उघडा टाकून टेबल फॅनने भिंत वाळवली.

तिसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. माझ्या मुलापेक्षा लहान असेल. बोर्ड उघडून त्याने एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काका, हा न्यूट्रल कुठून उचललात?"

मी सांगितलं.

"मग पडणारच की. पॉवरच्या आरसीसीबीतून करंट गेला आणि परत आला दिवे-पंख्यांच्या आरसीसीबीतून. एकाला वाटतं, गेला तो आलाच नाही. दुसऱ्याला वाटतं, हा कुठून टपकला. दोघंही म्हणतात, कुणाला तरी शॉक बसला."

आरसीसीबी हे फक्त जाणाऱ्या-येणाऱ्या करंटाचा हिशेब ठेवणारं यंत्र. तीस मिलिअँपिअरचा फरक म्हणजे त्याच्या लेखी माणूस चिकटला. टीव्ही झोपेत असताना करंट त्याहून कमी, म्हणून लाल दिवा बिनबोभाट लागायचा; जागा झाला की चारशेच्या घरात. सगळं बिनचूक चाललं होतं, चुकलो होतो मी. वडिलांच्या वेळी हा उसना न्यूट्रल जन्मभर खपून गेला असता आणि आम्ही त्याला वायरिंग म्हटलं असतं. त्या मुलाने पाइपातल्या तीन मेलेल्या केबली ओढून काढल्या, मोकळ्या झालेल्या जागेतून काळी आणली आणि वीस मिनिटांत निघाला. तेव्हापासून २३० व्होल्टचं काम त्याचं, बाकीचं माझं. दोघांचे पाइपही वेगळे. त्याच्या पाइपात माझी केबल जात नाही.

बाकीचं म्हणजे थोडंथोडकं नाही. डिशची केबल आत घेताना भोकाआधी तिला खाली झोल द्यावा लागतो, म्हणजे पाऊस केबलवरून आत न येता झोलावरून टपकतो. पुण्यातल्या निम्म्या घरांत हा झोल नसतो आणि दर जुलैत टीव्हीमागचा रंग फुगतो. लॅनच्या केबलीत आठ तारा, त्यांचा क्रम पाढ्यासारखा पाठ लागतो: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. चाळिशीचा चष्मा लागल्यावर हा पाढा म्हणता येतो, तारा दिसत नाहीत.

धाकट्या भावाच्या ठाण्याच्या घरी स्पीकर बसवले तेव्हाचं सांगतो. आवाज मोठा, पण तबला कुठेच नाही. टाळ ऐकू यायचे, डग्गा गायब. भाऊ म्हणाला, स्पीकर बदलून घेऊ. मी त्याच्या भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला. अँप्लिफायरच्या बाजूने स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि सेल टेकवला, अधिकाला अधिक समजून. जाळी काढून भावाला पाहायला बसवलं. खट् झालं आणि पडदा पुढे आला. दुसऱ्या स्पीकरला तोच सेल तसाच टेकवला. खट्. पडदा मागे गेला. एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, मग दोघांमधल्या हवेत डग्गा टिकणार कसा? तारांची टोकं उलटी केली. भावाच्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी मी ठाण्यापर्यंत लोकलचे धक्के पुन्हा खाईन. त्याच घरात अँप्लिफायर हलका गुणगुणायचा, पन्नास सायकलचा तो ओळखीचा घुं. कुणी तरी त्याला सांगितलं होतं की प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, घुं जाईल. खरंच जातो. सोबत कोण जाईल ते सांगता येत नाही. आम्ही टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत तांब्याच्या तारेऐवजी ऑप्टिकल केबल टाकली. उजेडाला घुं वाहून नेता येत नाही.

उजेडाची अशीच केबल पुढे माझ्यावर उलटली. आमचा अँप्लिफायर जुन्या शोकेसमध्ये, टीव्ही समोरच्या भिंतीवर. मधून पीओपीच्या मागे चाळीस मिलिमीटरचा पाइप, लांब वळणांचा, त्यात मी नायलॉनची दोरी आधीच सोडून ठेवलेली. साधी एचडीएमआय दहा मीटरवर फोर-के चित्राला दम तोडते, म्हणून ऑप्टिकल एचडीएमआय आणली. प्लगला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, दोरी बांधली, वर टेप असा निमुळता लावला की कुठे अडू नये, आणि थोडी टाल्कम पावडर चोळली. मी शिडीवर टीव्हीपाशी, बायको शोकेसपाशी केबलचं वेटोळं सोडायला.

"सोडतेय हं."

"थोडं थांब... आता सोड. पीळ नको पडू देऊस, आत काच आहे."

"काच? मग आधी सांगायचं ना!"

वीस मिनिटांत प्लग हातात आला. जोडलं. पडदा काळा. सेटिंग पाहिलं, टीव्हीचे पोर्ट बदलले, अँप्लिफायर बंद करून चालू केला. तासाभराने चष्मा बदलून प्लग निरखला, तर त्यावर मोहरीएवढ्या अक्षरांत छापलेलं: सोर्स. ही केबल एकाच दिशेने चालते. एका टोकाला उजेड सोडणारं, दुसऱ्या टोकाला झेलणारं. माझ्या हातात, टीव्हीपाशी, सोडणारं टोक होतं.

मी शिडीवरून खाली उतरलो आणि केबल मागे ओढायला शोकेसपाशी गेलो. बायकोने हात धरला.

"दोरी?"

दोरी केबलीबरोबर पूर्ण बाहेर आली होती. आता केबल ओढली असती तर पाइप मोकळाच राहिला असता, आणि चार वळणांतून स्प्रिंग पुन्हा घालताना संध्याकाळ झाली असती.

"परकराची जुनी नाडी काढताना नवी तिच्या टोकाला बांधून घ्यायची असते," ती म्हणाली. "चाळीस वर्षं टूलरूममध्ये काय केलंत?"

ती शिडीवर चढली, टीव्हीकडच्या टोकाला दोरी बांधली, मी इकडून ओढलं. केबल बाहेर, दोरी आत. केबल फिरवली. या वेळी तिने खाली उतरून दुसऱ्या टोकाच्या प्लगाबरोबर आणखी एक दोरी बांधली, मी काही बोलायच्या आत. केबल पलीकडे पोहोचली, दुसरी दोरी तिच्या सोबतीने पाइपात राहिली. चित्र आलं, तेव्हा कुणाच्या तरी घरातला स्वयंपाक चालला होता पडद्यावर.

"आलं," मी म्हणालो.

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. शोकेसमागे वाकून ती दोरीचं मोकळं टोक खिळ्याला बांधत होती. दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या, मग तिसरी मारली.