जुनी सायकल, हलकी चाके

जुनी सायकल दुरुस्तीस घेतली की काय राखावे आणि काय बदलावे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. ज्या वाचकांच्या पडवीत वाडवडिलांची सायकल धूळ खात पडली आहे, त्यांच्याकरिता हा अनुभव लिहीत आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त मास्तरांकडे वडिलांची रॅले आहे. नॉटिंगहॅमला घडविलेली, मागील चाकात स्टर्मी-आर्चरचे तीन गियर असलेली. गुडघे दुखू लागल्यापासून बाजाराचा चढ त्यांस झेपेना, आणि घरची मंडळी ती भंगारात देण्याचे बोलू लागली. मला सेमिनरीपासून या कामाचा नाद. म्हणून ती माझ्याकडे आली.

१९३५ पासून रेनॉल्ड्सची ५३१ नळी हलक्या सायकलींना लाभली. परंतु या सायकलीचा सांगाडा साध्या पोलादाचा, तेव्हा त्याचे वजन पत्करणे भाग होते. रिमा मात्र ॲल्युमिनियमच्या घातल्या. चाकाच्या कडेचे वजन उतरले म्हणजे पहिल्या पायडललाच फरक जाणवतो. शिवाय पावसात पोलादी रिमेवर ब्रेक घसरतो. ॲल्युमिनियमवर अधिक चांगला धरतो. पण जुना दांडीचा ब्रेक रिमेला आतील अंगाने दाबतो, आणि नवी रिम दोन्ही बाजूंनी धरावी लागते. म्हणून ब्रेकही बदलले. एका सुधारणेमागून दुसरी येते, आणि तिच्यामागून खर्च.

गुडघ्यांस खरा आराम दिला तो सर्वांत स्वस्त बदलाने. मागचे १८ दात्यांचे चक्र काढून २२ दात्यांचे बसविले आणि चेन थोडी वाढविली. पुढे ४६ दाते. त्यामुळे मधल्या गियरमध्ये पायडलच्या एका फेरीत २.५६ वेळा फिरणारे चाक आता २.०९ वेळा फिरते. चढावर पायांवरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी उतरला. वेग थोडा गेला. परंतु मास्तरांना आता शाळेची घंटा कोठे गाठावयाची आहे?

मुलाचा आग्रह नव्या चकचकीत रंगाचा होता. मास्तर म्हणाले, “फादर, ते ओरखडे बाबांचे आहेत.” रंग तसाच ठेवला, केवळ मऊ फडक्याने पुसून तेलाचा हात दिला.

वाचकांस एवढेच सुचवितो: सीटखालची ॲल्युमिनियमची नळी ग्रीस लावूनच घाला, नाही तर ती पोलादात कायमची अडकते. आणि काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. उद्या नातवाला सायकल पूर्ववत करावीशी वाटली, तर त्याचा मार्ग आपण बंद करू नये.