जुन्या गाडीची नाडी

माणसाचे वय झाले की त्याची दुखणी सांध्यांतून बोलू लागतात आणि गाडीचे वय झाले की तिची दुखणी तारांतून बोलू लागतात, असा आमचा अनुभव आहे. इंजिन बिचारे निमूटपणे चालत असते. पण एके दिवशी हॉर्न मुका होतो, दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूचा दिवा मिणमिणतो, तिसऱ्या दिवशी सेल्फ नुसताच 'टक्' करून गप्प बसतो. कारण विचारावे, तर प्रत्येक कारागीर निराळे सांगतो. अशा गाडीच्या सहवासात आम्ही गेली काही वर्षे काढली आणि त्यात जे शिकलो, ते बरेचसे स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक लपवून हा लेख लिहिता आला असता. पण मग त्यात सांगण्यासारखे काही उरले नसते.

आमची गाडी सुमो. 2008 साली घेतलेली. नंबरपाटीवर अजूनही 'ए.पी. 01' ही जुनी आदिलाबादची खूण आहे. 2014 साली राज्य बदलले, 2016 साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले, पण पाटी तशीच राहिली. 1994 साली ही गाडी प्रथम रस्त्यावर आली, तेव्हा तिचे नाव जपानी मल्लांवरून पडले असावे असा पुष्कळांचा समज होता. वस्तुतः ते नाव टेल्कोच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे जुळवून ठेवलेले. बोथसारख्या आडगावी, मराठी घराच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीला मराठी माणसाचे नाव असावे, याचे आम्हाला उगाचच कौतुक वाटत आले आहे. 2019 साली तिचे उत्पादन थांबले. 2023 साली आमच्या गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. कायद्याप्रमाणे तपासणी होऊन, हरित कर भरून, नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून मिळाली. "आता विकून टाका," असे सुचवणारे हितचिंतक पुष्कळ होते. आम्ही विकली नाही, आणि त्याचे मुख्य कारण आमची अक्का.

अक्का आमची थोरली बहीण. वय ब्याऐंशीच्या घरात. लहानपणी आगगाडी धरण्यासाठी किनवटपर्यंत छकड्यातून, पहाटे निघून, कंदिलाच्या उजेडात गेल्याच्या आठवणी ती सांगते. आता तिला नव्या ठेंगण्या गाड्यांत वाकून बसता येत नाही. सुमोची उंच बैठक तिच्या गुडघ्यांना मानवते. डोळ्यांच्या उपचारासाठी तिला वरचेवर नांदेडला न्यावे लागते. वैशाखात आमच्या भागात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि नेरडीगोंडा, निर्मळ, भैंसा करीत नांदेड गाठायचे म्हणजे अर्धा दिवस त्या भट्टीतून प्रवास. गाडीतला ए.सी. ही ज्यांना चैन वाटते, त्यांनी ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला शेजारी बसवून हा रस्ता एकदा मे महिन्यात करून पाहावा.

2024 च्या फाल्गुनापासून त्या ए.सी.ने असहकार आरंभला. लक्षण मोठे चमत्कारिक होते. महामार्गावर गाडी वेगात असली की गार वारा येई. गावात शिरलो, घाट लागला किंवा फाटकापाशी थांबलो की तोच वारा कोमट होई. आम्ही शहरातील एका मोठ्या कार्यशाळेत गाडी नेली. तेथे 'गॅस कमी झाला आहे' असे निदान होऊन गॅस भरण्यात आला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा गॅस भरला गेला. तिसऱ्या खेपेस सांगण्यात आले की कॉम्प्रेसर गेला, नवा घालावा लागेल. आणि जी किंमत सांगितली, ती ऐकून आम्ही तसेच परतलो.

याच सुमारास दुसरा उपद्रव सुरू झाला. एक फ्यूज वारंवार उडू लागला. गाडी चालवतो तो आमचा पुतण्या. निळ्या रंगाचा, पंधरा अँपिअरचा फ्यूज तो बदलायचा, आणि चार दिवसांनी तो पुन्हा उडायचा. शेवटी आम्ही त्याला म्हणालो, "तीसचा घाल. म्हणजे रोजची कटकट मिटेल." तो म्हणाला, "काका, पंधराचाच असू द्या. कंपनीने काही विचार करूनच दिला असेल." आम्ही त्याचे ऐकले नाही. आयुष्यभर कागदावर सही करून कामे मार्गी लावण्याची सवय; हेही तसेच एक प्रकरण निकाली काढल्यासारखे आम्हाला वाटले. हिरवा, तीसचा फ्यूज बसला. कटकट मिटली. ती मिटली म्हणून आम्ही त्याला दोन शब्दही सुनावले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अक्काला घेऊन नांदेडला निघालो. अक्काला महबूब घाटातला जुना रस्ता आवडतो, म्हणून त्या वाटेने गेलो. चढावर गाडी मंदावली, गार वारा थांबला, आणि जरा वेळाने जळक्या रबरासारखा वास येऊ लागला. बाहेरून कुठून तरी येत असेल असे म्हणेपर्यंत डाव्या बाजूने, डॅशबोर्डच्या खालून, करडा धूर निघाला. तो नेमका अक्काच्या पायांपाशी होता.

पुतण्याने गाडी कडेला घेतली. आम्ही अक्काचा हात धरून तिला उतरवू लागलो. उंच बैठक चढायला सोपी, पण घाईने उतरायला किती कठीण असते, हे त्या क्षणी कळले. तोवर त्याने बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचा काळा टर्मिनल सुटा केला होता. धूर हळूहळू थांबला. ज्वाळा दिसली नाही, कुणाला इजा झाली नाही. पण पुढची पाच मिनिटे आमचे हात कापत होते आणि सागाच्या पानगळलेल्या झाडाखाली अंथरलेल्या चादरीवर अक्का एक शब्दही न बोलता बसली होती.

मग तिने विचारले, "हे कशानं झालं?" पुतण्या म्हणाला, "फ्यूज मोठा होता, आत्या. तार तापली." अक्काने त्याच्याकडे पाहिले. "मग मोठा घातला कुणी?"

पोरगा गप्प राहिला. त्याने आमच्याकडे पाहिलेदेखील नाही. तो गप्प राहिला नसता, तर आम्हाला सोपे गेले असते. क्षणभर आम्हीही गप्प होतो, हे येथे नमूद करतो. नंतर सांगितले, "अक्का, मी घालायला लावला. तो नको म्हणत होता." अक्का एवढेच म्हणाली, "तो नको म्हणत होता, तर ऐकायचं होतंस बाबा." नंतर तिने पाणी मागितले.

एका जाणाऱ्या जीपवाल्याने तिला आणि आम्हाला निर्मळच्या बसस्थानकावर सोडले. तेथून बसने नांदेड गाठले. डॉक्टरांची वेळ टळली नाही, एवढेच समाधान. गाडी ओढून निर्मळच्याच एका वायरमनकडे नेण्यात आली. छोटेसे पत्र्याचे दुकान, पण त्यांना सारे 'उस्ताद' म्हणतात. परतताना आम्ही तेथे थांबलो. शहरातल्या कार्यशाळेची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, गाडीच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "साब, गॅस कम नइं है. हवा कम है."

त्या चार शब्दांत सारे निदान होते. गाडीचा ए.सी. गारवा निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. कॉम्प्रेसर वायू दाबतो. दाबलेला, तापलेला वायू पुढच्या जाळीच्या आतल्या कंडेन्सरमध्ये जातो आणि तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. मग एका बारीक तोंडाच्या झडपेतून तो कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. सध्याच्या बहुतेक गाड्यांतला आर-134ए हा वायू साध्या दाबाखाली उणे 26 अंशांच्या आसपास उकळतो. त्यामुळे कॉइलमध्ये त्याची वाफ होताना तो गाडीतली उष्णता शोषून घेतो. म्हणजे पुढे कंडेन्सरला वारा मिळाला नाही, तर मागे गारवा मिळणार नाही. गाडी वेगात असते तेव्हा वारा आपोआप मिळतो. घाटात, गावात तो एका विजेच्या पंख्याने द्यायचा असतो. पंखा मंदावला की आतला दाब भलताच वाढतो, आणि दाबावर पहारा ठेवणारा स्विच कॉम्प्रेसरचे काम थांबवतो. आमच्या गाडीचे लक्षण अगदी तेच होते. त्यावर दोनदा भरलेल्या जादा गॅसने दाब आणखी वाढवला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार.

उस्तादांनी जाळी काढली आणि आम्ही थक्क झालो. कंडेन्सरच्या पातळ पात्यांमध्ये पांढरट नमदा बसला होता. आदिलाबाद म्हणजे कापसाचा मुलूख. कार्तिकापासून माघापर्यंत कापसाने भरलेल्या वाहनांच्या मागून आपण रस्ता कापतो आणि उडालेले तंतू वर्षानुवर्षे तेथे साचत राहतात, हे कधी आमच्या ध्यानातच आले नव्हते. पंख्याच्या मोटारीतही तीच धूळ जाऊन तिचे बूश झिजले होते. मोटार अडखळत फिरे आणि जास्त वीज ओढी. पंधराचा फ्यूज उडत होता तो त्यामुळे. तो आम्हाला काहीतरी सांगत होता. आम्ही तीसचा घालून त्याचे तोंड बंद केले. फ्यूज हा तारेचा रखवालदार. तार पंधराला पुरेल एवढ्या जाडीची; तीसचा फ्यूज वितळण्यापूर्वी तीच वितळणार, हे शाळकरी गणित होते.

नंतर त्यांनी मीटर काढला. बॅटरीचा दाब विश्रांतीच्या स्थितीत 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14 च्या आसपास. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठणठणीत. मग पंखा चालू ठेवून त्यांनी मीटरची एक तार पंख्याच्या अर्थिंगला आणि दुसरी बॅटरीच्या काळ्या टर्मिनलला लावली. तेथे काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा. तो दीड व्होल्ट दाखवू लागला. अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. वीज जाते त्या वाटेची काळजी सगळे घेतात, ती परत येते त्या वाटेकडे कुणी पाहत नाही, असे उस्ताद म्हणाले. मिणमिणणारा दिवा आणि मुका हॉर्न यांचेही मूळ त्याच गंजात निघाले. बोल्ट घासून, वर व्हॅसलीन लावून घट्ट केल्यावर दोन्ही तक्रारी एकदम मिटल्या.

काम तीन दिवस चालले. जळालेल्या तारा बदलल्या, नवी मोटार बसवली, कंडेन्सर पाण्याच्या हलक्या धारेने उलट बाजूने धुतला. सारा गॅस काढून, पंपाने अर्धा तास निर्वात करून, गाडीवरच्या चिठ्ठीत दिलेल्या वजनाइतकाच नवा गॅस भरला. कॉम्प्रेसर जुनाच राहिला आणि आजही चालतो आहे. एकूण खर्च नव्या कॉम्प्रेसरच्या सांगितलेल्या किमतीच्या सहाव्या हिश्शाएवढा आला. निघताना उस्तादांनी पंधराचे चार निळे फ्यूज पुतण्याच्या हातावर ठेवले. आमच्या नाही.

तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली आहे. जुन्या गाड्या बाळगणारी घरे आपल्यांत पुष्कळ आहेत, म्हणून तिच्यातील चार नोंदी देतो. गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होत नाही; तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि जोडांवरचा तेलकट डाग ती दाखवतो. गळती न शोधता गॅस भरू देऊ नये. कापसाचा हंगाम संपला की कंडेन्सर धुवावा. सुगीनंतर उंदीर उबेसाठी बॉनेटमध्ये शिरतात आणि तारा कुरतडतात. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा दिवसाउजेडी बॉनेट उघडून पाहावे. सेल्फ नुसता 'टक्' करीत असेल तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी टर्मिनल साफ करावेत. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा फ्यूज घालावा. दुसऱ्यांदा उडाला, तर कारण शोधावे. ही शेवटची नोंद आम्ही लाल शाईने लिहिली आहे.

पुतण्याची क्षमा आम्ही शब्दांनी मागितली नाही. आपल्या घरांत तशी रीत नाही. परंतु गाडीसंबंधी शेवटचा शब्द आता त्याचा असतो आणि हे त्याला ठाऊक आहे.

2025 च्या वैशाखात पुन्हा अक्काला घेऊन नांदेडला निघालो. नेरडीगोंडा मागे पडल्यावर पुतण्याने विचारले, "आत्या, नवीन रस्त्याने घेऊ का?" अक्का म्हणाली, "का रे? घाटानंच चल." चढावर गाडी मंदावली. आमचे सारे लक्ष नाकाशी आणि डॅशबोर्डच्या खालच्या त्या जागेशी होते. वारा गारच येत राहिला. घाटमाथ्यावर अक्काने पदर खांद्यांवरून ओढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, जरा कमी कर रे ते. थंडी वाजते."

आम्ही पुतण्याकडे पाहिले. त्याने ब्लोअर एका आकड्याने खाली आणला.